रोटरीवर बंदी कुणी घातली? एका लाडक्या दंतकथेची झाडाझडती

गाड्यांचं वेड असलेल्या कुठल्याही ग्रुपवर हा मजकूर अधूनमधून फिरून येतोच. वर नारिंगी-हिरव्या रेसिंग कारचा फोटो आणि खाली चार वाक्यं: ‘जपानच्या माझदाने जगावेगळं रोटरी इंजिन शोधून काढलं. अवघ्या 1.3 लिटरच्या या इंजिनाने 1991 साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीज आणि जॅग्वारला धूळ चारली. युरोपवाल्यांच्या पोटात दुखलं आणि त्यांनी लगेच त्यावर बंदी घातली. म्हणून माझदाची आरएक्स-7 सारखी स्पोर्ट्स कार कायमची बंद पडली.’

वाचायला झकास आहे. मीही एकदा हे पुढे ढकललं होतं, कबूल करतो. पण यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरतं, आणि गंमत म्हणजे ज्या माणसांचं खरोखर कौतुक व्हायला हवं त्यांचा यात उल्लेखही नाही.

‘माझदाने शोधून काढलं.’ नाही. वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी गोल फिरणारा त्रिकोणी रोटर असलेलं हे इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या डोक्यातून निघालं. त्याला गाडी चालवायचा परवाना कधीच मिळाला नाही, नजर फार अधू होती. नेकार्सुल्मच्या एनएसयू कंपनीत 1957 मध्ये पहिला नमुना फिरला. पण त्यात आतला रोटर आणि बाहेरचं घर, दोन्ही फिरायचे. आज आपण ओळखतो ती सुटसुटीत रचना हान्स डिटर पाश्के या एनएसयूच्याच इंजिनिअरने केली. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलंत, असं वांकेल त्यावर चिडून म्हणाल्याचं सांगतात. रोटरी इंजिन घेऊन बाजारात आलेली पहिली गाडीही एनएसयूचीच, 1964 ची स्पायडर. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे पुढच्या माझदाने, या इंजिनाचा परवाना रीतसर पैसे मोजून घेतला होता.

मग माझदाचं श्रेय काय? माझ्या मते शोधापेक्षा मोठं. परवान्याबरोबर जे इंजिन हिरोशिमात आलं ते काही तास चाललं की आतून ओरबाडून निघायचं. त्रिकोणी रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक सील असतं, अपेक्स सील. पिस्टनला रिंगा असतात तसंच समजा. फरक एवढाच की हे सील भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या घराच्या भिंतीवर सतत घासत जातं. घासताना ते थरथरायचं आणि क्रोमच्या भिंतीवर ओळीने चरे पाडायचं. तिथल्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं होतं, सैतानाच्या नखांचे ओरखडे. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली 1963 मध्ये सत्तेचाळीस इंजिनिअरांचा खास विभाग निघाला. जपानी इतिहासातल्या सत्तेचाळीस रोनिनांवरून, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंवरून, त्यांनाही तेच नाव पडलं. सीलच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून पाहिली, तेव्हा थरथर कमी झाली. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील जमलं आणि मे 1967 मध्ये माझदाची रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. एनएसयूची रो 80 सुद्धा त्याच वर्षीची. तिची इंजिनं वॉरंटीत इतकी परत आली की कंपनी खिळखिळी झाली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. शोधणारा बुडाला, सील दुरुस्त करणारा तरला. फॉरवर्डमध्ये यातला एक शब्द नाही.

‘अवघ्या 1.3 लिटरचं.’ इथे दोन चुका एकात एक गुंतल्या आहेत. पहिली साधी: ले मान्स जिंकणाऱ्या 787बी मध्ये आरएक्स-7 चं 1.3 लिटरचं इंजिन नव्हतंच. त्यात आर26बी हे चार रोटरचं इंजिन होतं. प्रत्येक रोटरचे 654 सीसी, चारांचे 2616. सुमारे 700 अश्वशक्ती त्यातून यायची.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे, कारण ती कंपनीच्या माहितीपत्रकापासून सुरू होते. आरएक्स-7 च्या 13बी इंजिनात दोन रोटर, 654 गुणिले दोन, म्हणजे 1308 सीसी. पण ही मोजणी एका रोटरची एकच बाजू धरते. रोटरला बाजू तीन असतात, आणि रोटर एकदा फिरला की मधला शाफ्ट तीनदा फिरतो. हिशेब मांडला तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एकदा इंधन पेटतं. दोन रोटर, म्हणजे फेऱ्याला दोन स्फोट. नेहमीचं चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत चार स्फोट करतं, म्हणजे तेवढेच. तेव्हा 13बी ची तुलना करायची तर 2.6 लिटरच्या पिस्टन इंजिनाशी करा. जपानच्या करखात्यालाही हे कळत होतं. ते रोटरीचे सीसी दीडपट धरायचं. 1308 ची दीडपट 1962, दोन लिटरच्या गटात जेमतेम बसणारी! ‘1.3 लिटरमधून 255 अश्वशक्ती’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण ॲव्हरेज विचारलं की तेच लोक गप्प होतात. हवा-पेट्रोल 2.6 लिटरच्या हिशेबाने आत जाणार, तर पंपावर बिलही त्याच हिशेबाने येणार. त्यात ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सरकती, त्यामुळे बरीच उष्णता भिंती खातात आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. रोटरीचं खरं कौतुक सीसीत नाही, आटोपशीरपणात आहे. इंजिन इतकं छोटं आणि हलकं की आरएक्स-7 मध्ये ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवता आलं, आणि गाडी वळणावर सुरेख तोललेली राहिली.

‘पोटात दुखलं म्हणून बंदी.’ तारखा पाहिल्या की हे कोसळतं. स्पोर्ट्स कारच्या जागतिक स्पर्धेत फॉर्म्युला वनसारखी 3.5 लिटरची, टर्बो नसलेली पिस्टन इंजिनंच चालतील, हा नियम माझदा जिंकण्याच्या आधीच ठरला होता. 1991 ला नव्या गाड्या पुरेशा तयार नव्हत्या, म्हणून जुन्यांना सवलत मिळाली. त्या सवलतीतही मर्सिडीज आणि जॅग्वारला किमान 1000 किलो वजन ठेवावं लागलं, आणि माझदाला 830 किलो पुरले. माझदाच्या रेसिंग संघाच्या, माझदास्पीडच्या, ताकायोशी ओहाशींनी वाटाघाटी करून ते मिळवलं होतं. युरोपवाले कट करत होते म्हणायचं, तर 170 किलो कुणी सोडले? इंधनाचा कोटा ठरलेला असताना हलकी गाडी म्हणजे केवढा फायदा. शिवाय आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बिघडली. यात माझदाला कमीपणा नाही. हर्बर्ट, वाइडलर आणि गाशो यांनी ती गाडी चोवीस तास पळवली, आणि हर्बर्टला शेवटी इतका अशक्तपणा आला की तो व्यासपीठावरही जाऊ शकला नाही.

नव्या नियमाने मर्सिडीजचं टर्बो व्ही-8 आणि जॅग्वारचं 7.4 लिटरचं व्ही-12 ही बाद झालं. एक तक्रार मात्र रास्त आहे: 1992 च्या ले मान्सला गाड्या कमी पडतात म्हणून काही जुन्या पोर्शेंना आत घेतलं, रोटरीला नाही. माझदाला त्या वर्षी ‘जड’ (Judd) या ब्रिटिश कंपनीचं व्ही-10 पिस्टन इंजिन बसवलेली गाडी उतरवावी लागली. पण ‘कायमची बंदी’? 1994 मध्ये आरएक्स-7 ले मान्सला धावली, आणि 1995 मध्ये तीन रोटरचं माझदा इंजिन असलेली कुडझू ही रेसिंग कार तिथे सातवी आली.

‘म्हणून आरएक्स-7 बंद पडली.’ ज्या वर्षी ले मान्स जिंकलं त्याच वर्षी तर तिसऱ्या पिढीची, सर्वांत देखणी आरएक्स-7 बाजारात आली, आणि पुढे अकरा वर्षं बनत राहिली. 1978 पासूनच्या एकूण 8,11,634 गाड्यांपैकी या पिढीच्या फक्त 68,589. महागडी गाडी, चढलेला येन, फुटलेला जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा, गिऱ्हाईकच आटलं. शेवटची गाडी ऑगस्ट 2002 मध्ये निघाली, कारण जपानचे उत्सर्जनाचे नियम कडक झाले होते. त्याच उन्हाळ्यात टोयोटाची सुप्रा आणि निसानची स्कायलाइन जीटी-आरही थांबल्या. दोन्हींची इंजिनं सहा सिलिंडरची, सरळ पिस्टनची. त्यांच्यावर ले मान्सने कोणती बंदी घातली होती?

आपल्याकडे माझदा म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना स्वराज माझदाची मिनीबसच आठवते, त्यामुळे कुणी काहीही लिहिलं तरी खपतं. आणि ‘बंद पडलं’ म्हणाल तर आरएक्स-7 नंतर आरएक्स-8 आली, ती 2012 पर्यंत चालली. 2023 मध्ये एमएक्स-30 मध्ये 830 सीसीचा एकच रोटर परत आला. तो चाकं फिरवत नाही, नुसती बॅटरी चार्ज करतो.