निकियाच्या परिषदेत बायबल घडवले गेले नाही

माझी मावशी वसईला राहते. ती ८१ वर्षांची आहे. रोज संध्याकाळी जपमाळ आटोपली की ती शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) एक उतारा मोठ्याने वाचते आणि शेजारची दोन-चार माणसे ओटीवर बसून ऐकतात. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा पुस्तक मिटून फळीवर ठेवलेले होते. कुवेतला असलेल्या मामेभावाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला संदेश नातवाने तिला वाचून दाखवला होता. तिने मला एवढेच विचारले, "बाळा, आम्ही जन्मभर वाचलं ते राजाने लिहवून घेतलेलं होतं का रे?"

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३२५ मध्ये निकिया (आजच्या तुर्कस्तानातले शहर) येथे बिशपांची परिषद बोलावून बायबल तयार करवले. ८० शुभवर्तमानांतून सोयीची चार निवडून बाकीची जाळली. येशू देव आहे की माणूस, यावर मतदान घेतले आणि निसटत्या बहुमताने त्याला देव ठरवले. बायबलातला पुनर्जन्म पुसून टाकला. पुढे भाषांतरावरून भाषांतर होत गेल्यामुळे मूळ मजकूर आज कोणालाच माहीत नाही. ३२५ ला १७०० वर्षे पूर्ण झाल्यापासून हा मजकूर माझ्याकडे तिसऱ्यांदा आला आहे. पहिल्या दोन वेळा मी तोंडी उत्तर दिले. या वेळी एका म्हाताऱ्या बाईचे वाचन थांबले आहे, म्हणून लिहून देतो.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. निकियाच्या परिषदेचे २० नियम आज उपलब्ध आहेत. बिशपांची नेमणूक कशी व्हावी, छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांना परत कसे घ्यावे, धर्मसेवकांनी व्याजाने पैसे लावू नयेत, असे त्यांचे विषय आहेत. त्याशिवाय परिषदेचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचे थोडक्यात केलेले निवेदन आहे आणि तिने पाठवलेले पत्र आहे. यांपैकी कशातही बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. परिषदेने यूदिथचे पुस्तक पवित्र शास्त्रात मोजल्याचे वाचनात येते, असे एक वाक्य बऱ्याच वर्षांनंतर बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने लिहून ठेवले आहे हे खरे; पण एका पुस्तकाविषयीच्या त्या ओझरत्या उल्लेखावरून संपूर्ण बायबल तिथे ठरले असे म्हणता येत नाही. वेदीजवळ सगळी पुस्तके ठेवली आणि खोटी होती ती आपोआप खाली पडली, ही कथा तर नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनात प्रथम दिसते, म्हणजे परिषदेनंतर साडेपाचशे वर्षांनी. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने ती युरोपभर पोहोचवली. आजचा संदेश तिचाच वंशज आहे.

परंतु मावशीला मी या यादीच्या वादाबद्दल काही सांगितले नाही. तिला मी सिर्टा या गावाची हकिगत सांगितली, कारण या दाव्याला तेवढे एक उत्तर पुरेसे आहे.

सिर्टा हे उत्तर आफ्रिकेतले, आजच्या अल्जीरियातले शहर. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशन याने ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडण्याचा आणि त्यांचे धर्मग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. त्या वर्षीच्या मे महिन्यात सिर्टाचा नगराधिकारी प्रार्थनागृहात शिरला आणि त्याने बिशपाकडे ग्रंथ मागितले. ग्रंथ वाचकांकडे असतात, असे उत्तर मिळाले. (वाचक म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणारे सेवक.) मग अधिकारी आणि त्याचा लेखनिक घरोघर गेले. एका वाचकाने चार ग्रंथ काढून दिले, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने आठ. एकाच्या घरी नवरा नव्हता, तेव्हा त्याच्या बायकोने सहा ग्रंथ आणून पुढे ठेवले. लेखनिकाने कोणाच्या घरी किती मिळाले ते जागच्या जागी लिहून घेतले. पुढे ३२० मध्ये झालेल्या एका सरकारी चौकशीत तीच नोंद वाचून दाखवण्यात आली आणि त्या चौकशीच्या कागदपत्रांतून ती आपल्यापर्यंत आली.

आता तारखा पाहा. जप्ती ३०३ ची, चौकशी ३२० ची, निकियाची परिषद ३२५ ची. जे ग्रंथ रोमन सत्ता परिषदेच्या २२ वर्षे आधी घराघरांतून ओढून काढत होती, ते परिषदेत तयार झाले असे म्हणणाऱ्याने वर्षांची साधी वजाबाकीही केलेली नाही. छळापुढे नमून ग्रंथ देऊन टाकणाऱ्यांना आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी इतके हीन मानले की त्यावरून त्यांच्या ख्रिस्तसभेत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली फूट पडली. ज्या पुस्तकांसाठी माणसे मेली आणि जी देऊन टाकल्याबद्दल माणसे आयुष्यभर तोंड लपवत राहिली, ती राजाच्या दरबारात लिहिली गेली, असे माझ्या मावशीला सांगण्यापूर्वी मामेभावाने एकदा तरी चौकशी करायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. यादी एका दिवसात ठरली नाही आणि तिच्यावर वाद झाले. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारच शुभवर्तमानांचा आग्रह लियोंचा बिशप आयरेनियस याने सुमारे १८० मध्येच धरला होता, आणि चारही शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये एकत्र बांधलेली तिसऱ्या शतकातली पपायरसची पोथी आज डब्लिनला आहे. पण प्रकटीकरण, इब्रीकरांस पत्र, पेत्राचे दुसरे पत्र यांविषयी चौथ्या शतकातही एकमत नव्हते. आज आपल्या नव्या करारात (बायबलच्या येशूनंतरच्या भागात) आहेत नेमकी तीच २७ पुस्तके देणारी पहिली यादी ३६७ ची आहे, आणि ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने आपल्या पुनरुत्थान सणाच्या वार्षिक पत्रात दिली. या अथनेशियसला निरनिराळ्या सम्राटांनी पाच वेळा हद्दपार केले होते आणि पहिल्या खेपेस हद्दपार करणारा खुद्द कॉन्स्टंटाइन होता. कॉन्स्टंटाइनने ३३१ च्या सुमारास नव्या राजधानीतील प्रार्थनामंदिरांसाठी बायबलच्या ५० प्रती मागवल्या, हेही खरे आहे. बहुधा संदेशातल्या गोंधळाचे मूळ इथेच असावे. परंतु ग्रंथाच्या प्रती करवून घेणे म्हणजे ग्रंथ रचणे नव्हे, हे निदान मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

मतदानाची गोष्ट तितकीच पोकळ आहे. परिषदेला जमलेल्या बिशपांची संख्या जुन्या लेखकांनी २५० हून अधिक, सुमारे ३०० आणि ३१८ अशी वेगवेगळी दिली आहे. यांतली कोणतीही धरली तरी अखेरपर्यंत विश्वासांगीकारावर सही न करणारे बिशप दोनच होते, लिबियातले थिओनास आणि सेकुंदुस. त्यामुळे निसटते बहुमत हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय 'येशू देव की माणूस' हा तिथला वादच नव्हता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस हा देखील येशूला साधा माणूस मानत नव्हता. पुत्र सर्व युगांच्या आधीचा आहे, त्याच्याद्वारे सृष्टी निर्माण झाली, परंतु तो स्वतः पित्याने निर्माण केलेला आहे, असे त्याचे मत होते. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की निर्मित आहे, हा खरा प्रश्न होता. ज्यांनी अद्वैत आणि द्वैत मतांचे वाद वाचले आहेत त्यांना या प्रश्नाचे वजन सहज कळेल. आणि येशूची उपासना किती जुनी आहे ते पाहायचे तर ज्या बिथिनिया प्रांतात निकिया होते, त्याच प्रांताचा रोमन राज्यपाल प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये सम्राट ट्राजनला पाठवलेले पत्र वाचावे. हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे त्या परक्या अधिकाऱ्याने परिषदेच्या दोनशे वर्षे आधी लिहिले आहे. मतही सम्राटाने लादले असे म्हणावे, तर तोच सम्राट पुढे आरियसच्या बाजूला झुकला आणि मृत्यूपूर्वी ३३७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या पाठीराख्या बिशपाच्या हातून.

कॉन्स्टंटाइनने पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला होता, पण तो आरियसच्या लिखाणाविषयी होता आणि तो निंद्यच होता. इतर शुभवर्तमाने प्रचारात होती, ती वाचू नयेत असे बिशप सांगत असत, त्यांतली बरीच नाहीशी झाली, हे मी नाकारत नाही. परंतु १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे रांजणात सापडलेले थोमाचे शुभवर्तमान आज कोणालाही वाचता येते. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

पुनर्जन्माच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ५५३ च्या सुमारास सम्राट जस्टिनियनच्या काळात निषेध झाला तो देहापूर्वी आत्मे अस्तित्वात असतात या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती पंडित ओरिजेनशी जोडलेल्या मताचा. बायबलातली एकही ओळ त्या वेळी काढली गेली नाही. त्याच्या कितीतरी आधीच्या पोथ्या आपल्यापाशी आहेत आणि त्यांत पुनर्जन्म शिकवणारा एकही उतारा नाही.

राहिला मूळ मजकुराचा प्रश्न. भाषांतरावरून भाषांतर अशी साखळीच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबल मराठीत आणले ते त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून, थेट त्या भाषांतून. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितेच पाच हजारांहून अधिक आहेत, शिवाय लॅटिन, सिरियाक आणि कॉप्टिक भाषांतरांच्या पोथ्या वेगळ्या. त्यांत पाठभेद लाखोंनी मोजतात आणि त्यांतले बहुसंख्य शुद्धलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे आहेत. पाठभेद असणे म्हणजे मूळ हरवणे नव्हे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, म्हणून ज्ञानेश्वरी एकनाथांची झाली नाही आणि ज्ञानेश्वरांची राहिली नाही असेही झाले नाही. इजिप्त, सीरिया, इटली आणि आफ्रिका इतक्या दूर पसरलेल्या प्रती एका हुकमाने गोळा करून बदलणे कोणत्याही सम्राटाला शक्य नव्हते. डायोक्लेशनला त्या नष्टसुद्धा करता आल्या नाहीत.

मागाहून आलेला मजकूर आहे आणि तो अभ्यासकांनीच दाखवून दिला आहे. मार्कच्या सोळाव्या अध्यायातील शेवटच्या १२ ओव्या (वचने) चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या पोथ्यांत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातले स्वर्गातील तीन साक्षीदारांचे वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत नाही. ग्रीक नवा करार छापणारा विद्वान इरॅस्मस याने १५१६ च्या छापील आवृत्तीत ते घेतले नव्हते आणि टीका झाल्यावर १५२२ मध्ये घातले. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथाही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही.

हे शेवटचे ऐकून मावशीने फळीवरून पुस्तक काढले, योहानाचा आठवा अध्याय उघडला आणि विचारले, "मग ही गोष्ट मी ओटीवर वाचू नको का?" मी तिला सांगितले की तिसऱ्या शतकात सीरियात लिहिलेल्या, बिशपांना उपदेश करणाऱ्या एका ग्रंथात हीच कथा आली आहे. पापी माणसाला कठोरपणे हाकलून देऊ नये, हे सांगण्यासाठी तिथे तिचा दाखला दिला आहे. म्हणजे योहानाच्या पोथीत ती उशिरा आली असली, तरी निकियाच्या आधीच लोक ती एकमेकांना सांगत होते. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओवीपासून वाचायला सुरुवात केली.