पांढरे केस आणि पूर्ण नाव

आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या कपाटात मुलांची पुस्तकं असतात, ते कपाट मी बघते, म्हणजे कोणी काय नेलं ते वहीत लिहायचं आणि परत न आणणाऱ्यांच्या मागे लागायचं, एवढंच. मागच्या आठवड्यात ग्रुपवर एका आईचा मेसेज आला की 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' तिथून काढा, जादूच्या गोष्टीत मुलांना हे राजकारण कशाला. खाली लगेच चार अंगठे. ग्रुपवर भांडायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय म्हणून तिथे गप्प बसले आणि इथे लिहितेय. लांबलंय, आधीच सांगते.

टोमी अडेयेमी ही नायजेरियन आईवडिलांची अमेरिकेतली मुलगी, तिचं हे पहिलं पुस्तक, २०१८ मधलं, पाचशेच्या वर पानं. ओरिशा नावाचा देश, तिथे काही लोकांकडे जादू होती, अकरा वर्षांपूर्वी राजाने जादू संपवली आणि जादूवाल्यांना मारून टाकलं. त्यांची पोरं उरली, केस पांढरेशुभ्र, जादू शून्य. झेली त्यातलीच एक, आईला गळ्यात साखळी घालून नेलं आणि फासावर लटकवलं हे डोळ्यांनी बघितलेली.

आता राजकारण म्हणाल तर सगळ्यात जास्त राजकारण कुठल्या लढाईत नाहीये, ते आहे टॅक्समध्ये. पांढऱ्या केसांच्या मुलांवर वेगळा कर, तो मनाला येईल तेव्हा वाढतो आणि नाही भरला तर वेठबिगारीला. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, एक म्हातारी बाई या मुलींना लपूनछपून काठी चालवायला शिकवतेय, शिपाई आले की काठ्या गायब आणि सगळ्या जणी मान खाली घालून शिवायला बसलेल्या. शिपाई काही कापाकापी करत नाही हो, कर वाढलाय म्हणतो, पैसे घेतो, जातो. मला त्या दोन पानांनी जेवढं घाबरवलं तेवढं पुढच्या रक्तपाताने नाही. आणि त्यांना हाक मारायची ती किड्यावरून, अळी म्हणून. हा शब्द पुढे झेलीच्या पाठीवर सुरीने कोरतात. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने तिथे पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायला उठली, मी बघत होते.

पुस्तकाच्या शेवटी लेखिका सरळ सांगते की हे कुठून आलं. अमेरिकेत पोलिसांनी गोळी घातलेल्या काळ्या मुलांची नावं लिहिते, जॉर्डन एडवर्ड्स, टमिर राइस, आयाना स्टॅनली-जोन्स. वयं पंधरा, बारा, सात. टमिरच्या हातात खेळण्यातली बंदूक होती. म्हणजे कथेतल्या पोरांसाठी रडलात ना, मग यांच्यासाठीही रडा असं तिचं म्हणणं. उगाच नाही ती असं म्हणत, 'हंगर गेम्स' कादंबरीवरचा सिनेमा २०१२ मध्ये आला तेव्हा त्यातली रू नावाची छोटी मुलगी काळी का दाखवली म्हणून लोकांनी ट्विटरवर गळा काढला होता, पुस्तकात तिची त्वचा सावळी तपकिरी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असताना! ते बघूनच आपल्याला लिहावंसं वाटलं असं अडेयेमीने मुलाखतीत सांगितलंय.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे, आणि ते त्या आईशी नाही, पुस्तकाशी आहे. राजाची पहिली बायको आणि मूल जादूवाल्यांनीच जाळून मारलेलं असतं. म्हणजे राजा क्रूर आहे पण त्याची भीती अगदीच हवेतली नाही, जादू परत आली तर गावं जळू शकतात, जळतातही. मग हा दाखला टमिरला लागू कसा पडतो? त्याच्या हातातून कुठे ज्वाळा निघत होत्या? छळ झालेल्यांना शक्ती दिली की वाचायला जाम मजा येते, मलाही आली, पण नकळत छळणाऱ्याला एक कारण मिळतं. प्रत्यक्षात असं कारण नसतंच, ते बनवावं लागतं. दुसऱ्या भागात सरदार लोकांनाही जादू मिळते आणि हिशोब जरा बदलतो, पण पहिल्यात ही गोची आहेच.

भाचीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, "मावशी, पण केस पांढरे नसते तर शिपायाला कळलं कसं असतं?"

झालं. मला आमची कॉलेजची वर्षं आठवली. आम्ही दोघी मैत्रिणी रूम शोधत होतो, मालकीणबाईंनी चहा दिला, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं आणि मग हसतच, "पूर्ण नाव काय गं तुझं?" माझं सांगितलं, पुढे काही नाही. तिचं सांगितल्यावर, बघते, कळवते. अजून कळवतायत. मैत्रीण जिना उतरताना एवढंच म्हणाली की मी आता फक्त नाव सांगणार होते, तूच आधी पूर्ण सांगितलंस. तेव्हा मला यात माझं काय चुकलं ते कळलंही नव्हतं. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' हे कथांचं पुस्तक १९६३ चं, ते मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचलं. आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण केली होती, त्यामुळे तिकडचं आपल्याला काय करायचंय असं कोणी म्हणालं की मला हसूच येतं.

बाकी अमारी राजकन्येची आई तिच्या रंगावरून जे टुमणं लावते ते वाचून भाची नुसती माझ्याकडे बघून हसली. तिची आजी दर रविवारी डाळीचं पीठ भिजवून ठेवते.

तर पुस्तक कपाटात राहणार आहे. ज्यांना मुलांना द्यायचं नाही त्यांनी देऊ नका, पाठ कोरण्याचा भाग खरंच जड आहे, बारा-तेराच्या आतल्यांना मीही देत नाही. दुसरा भाग मात्र कपाटात नाहीये आणि भाची रोज विचारतेय, कोणाकडे पडून असेल तर सांगा, रविवारी येऊन घेऊन जाते.