कॅम हातात होता, तरी जुनाच का बसवला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. उत्तर जरा लांबणार आहे, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि तुम्हीही मनापासून लिहिलंय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: माझ्या लेखात होतं की ट्रकचा टायमिंग गिअर (कॅम फिरवणारा दातेरी गिअर) बदलताना मी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, पूर्ण बाहेर काढला आणि तोच जुना परत आत घातला, यावर तुमचं म्हणणं की हा निव्वळ भित्रेपणा आहे, एवढं सगळं खोलल्यावर चांगला परफॉर्मन्स कॅम टाकला असता तर ४० एचपी (हॉर्सपॉवर) वाढले असते, आणि "चालतंय त्याला हात लावू नये" ही आळशी माणसाची पळवाट आहे.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मी लेखात "या इंजिनात कॅम बदलून काहीच मिळत नाही" असं सरसकट ठोकून दिलं होतं. ते चूक आहे, वाक्य बदलतोय. मिळतं, नक्की मिळतं. फक्त कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतं आणि त्याच्या बदल्यात कुठल्या आरपीएमला जातं हे बघायला हवं, आणि आपला वाद खरं तर तिथेच आहे.

माझी गाडी म्हणजे १९९० ची फोर्ड एफ-१५०, इंजिन ४.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडर, ज्याला सगळे "थ्री हंड्रेड" म्हणतात. १९६५ ते १९९६ हे इंजिन बनत होतं. ७ मेन बेअरिंग, आणि कॅम फिरवायला चेन नाही की बेल्ट नाही, सरळ गिअरला गिअर. फक्त कॅमवरचा गिअर फायबरचा असतो, उष्णता आणि वय यांनी त्याचे दात कमजोर होतात. तो कॅमवर प्रेसने बसवलेला असल्यामुळे नीट बदलायचा तर अख्खा कॅम बाहेर काढावा लागतो. म्हणजे मी काही कॅमसाठी इंजिन खोललं नव्हतं, गिअरसाठी खोललं होतं.

आता तुमचे ४० एचपी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे हे इंजिन ३४०० आरपीएमला साधारण १५० एचपी देतं, आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) २००० ला साधारण २६० पाउंड-फूट. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२, की एचपी निघते. उलटं गणित करा, ३४०० ला टॉर्क २३२ च्या आसपास येतो. १९० एचपी हवी असेल तर तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, म्हणजे २३८ टॉर्क ४२०० आरपीएमपर्यंत टिकवून धरावा लागेल. मी ४२०० ला कधी जातो? जातच नाही. हायवेला माझा काटा २००० च्या आसपास असतो, आणि मागे ट्रेलर लावून चढाला लागलो की मला जी ओढ लागते ती १५०० ते २५०० मध्येच लागते.

आणि तिथेच मोठा कॅम मार देतो. ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ती) वाढवली की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो, व्हॉल्व्ह अजून उघडा, त्यामुळे कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण थोडं परत इनटेकमध्ये ढकललं जातं. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की ती पिस्टनला न जुमानता भरत राहते, म्हणून वर ताकद वाढते. आधीच या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.८ ला १, त्यातलं खालच्या आरपीएमला आणखी घालवायचं? शिवाय याच्या इनटेकचे पाइप लांबलचक आहेत, ते बनवलेच आहेत खालच्या टॉर्कसाठी, हेडसुद्धा वरच्या आरपीएमला दमतं. वर श्वास कोंडतोय हेडमध्ये आणि आपण बदलणार कॅम, म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

इंजेक्शनवाल्या गाडीत आणखी एक भानगड असते जी तुम्ही धरलीच नाही. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधल्या प्रेशरवरून आणि आरपीएमवरून अंदाज करतो. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असलेला कॅम टाकला की उभ्या गाडीत व्हॅक्यूम पडतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर लोड आलाय आणि तो पेट्रोल वाढवतो. मग आयडलिंग डचमळतं, वास येतो, आणि ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो हे विसरू नका.

बरं, जुना कॅम मी डोळे झाकून परत बसवलेला नाही. काढायच्या आधी प्रत्येक पुशरॉडवर (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारी काठी) डायल इंडिकेटर लावून लिफ्ट, म्हणजे ती किती वर उचलली जाते, मोजली. कॅमवरचे बाराच्या बारा लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) ०.२४९ इंचाच्या जवळपास, सगळ्यात कमी असलेला ०.००२ ने कमी, आणि ०.००५ पर्यंत झीज चालते. लिफ्टर (लोब आणि पुशरॉडच्या मधले दट्टे) काढले ते अंड्यांच्या डझनाच्या ट्रेमध्ये, खणाखणावर मार्करने १ ते १२ आकडे टाकून, कारण प्रत्येक लिफ्टर आपापल्या लोबशी घासून जुळलेला असतो, त्यांची अदलाबदल केली तर दोघेही जातात. मग नवा गिअर प्रेस केला, खुणेला खूण जुळवली आणि बसवला.

आता भित्रेपणाचं. भीती आहे, मान्य, पण ती कमावलेली आहे. याच्या आधीच्या ट्रकमध्ये, हेच इंजिन पण कार्ब्युरेटरवालं, मी नवा कॅम टाकला होता. यात फ्लॅट टॅपेट, म्हणजे लोबवर थेट घासणारे लिफ्टर असतात, चाक लावलेले रोलर नाही. लिफ्टरचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका घासलेला असतो, म्हणून लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. नवीन कॅम पहिल्यांदा चालू केला की लगेच २००० आरपीएमवर न्यायचा आणि २०-३० मिनिटं खाली येऊ द्यायचा नाही, कारण लोबला तेल मिळतं ते बरंचसं क्रँक उडवतो त्यातूनच. माझं झालं असं की चालू करताच कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहायला लागलं, बंद केलं, परत चालू केलं, परत बंद, मधे दोन-तीन मिनिटं आयडलला चालवलं. आणि तेल साधं, आत्ताच्या गाड्यांचं. २००४ च्या एपीआय एसएम या तेलाच्या ग्रेडपासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० सारख्या तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून. त्या फॉस्फरसबरोबर झिंकही कमी होतं, आणि नव्या फ्लॅट टॅपेटला पहिल्या अर्ध्या तासात जीव वाचवायला तेच लागतं.

काही दिवसांत टक टक सुरू झाली. ऑइल फिल्टर कापला, आतला कागद घडी उलगडून उन्हात धरला तर घडीघडीत करडी चमक, मॅग्नेट फिरवला की त्याला चिकटणारी. लिफ्टर काढला, त्याचा तळ फुगीरऐवजी वाटीसारखा खोल गेलेला, नख अडकत होतं त्याच्या काठाला. समोरच्या लोबचं टोकच गायब. आणि तो सगळा भुगा तोवर बेअरिंगमधून फिरून आलेला, त्यामुळे पूर्ण इंजिन उतरवावं लागलं. चांगलं चालणारं इंजिन होतं हो ते. अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की चांगला झिजलेला-जुळलेला कॅम हा काही जुना माल नाही, ती जमलेली जोडी आहे. ती मोडायला कारण लागतं. लोब गेला असेल तर बदला. हेडचं काम करून घेतलंय, एक्झॉस्ट मोकळा केलाय, कॉम्प्रेशन वाढवलंय, तर त्याला साजेसा सौम्य कॅम टाका, तेव्हा मीच म्हणेन टाका, आणि १२ लिफ्टर नवीन घ्या, जुना लिफ्टर नव्या कॅमवर कधीच नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमची गाडी पण थ्री हंड्रेडच आहे आणि चढावर दम लागतो. मग आधी मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) बघा. ३.०८ असेल तर ३.५५ टाका, चाकाला प्रत्येक गिअरमध्ये १५ टक्के जास्त ओढ मिळेल, अगदी १००० आरपीएमपासून, जे कुठलाही कॅम देऊ शकत नाही. हायवेला आरपीएम पण तेवढ्याच टक्क्यांनी वाढेल, थोडं पेट्रोल जास्त जाईल, ते गृहीत धरा.

आणि कॅम मागवायच्या आधी एक करा. रॉकर कव्हर काढा (इनटेकचा वरचा भाग काढावा लागतो, कटकट आहे, पण करा), प्रत्येक पुशरॉडवर मार्करची एक उभी रेघ मारा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून बघा रेघ फिरतेय का. एखादा पुशरॉड नुसताच वरखाली होत असेल आणि फिरत नसेल तर त्याच्या खालच्या लोबची लिफ्ट मोजा. आकडे इथेच लिहा, ॲक्सलचा रेशो आणि टायरची साइज पण, मग तुमच्या गाडीपुरतं परत बोलू.