तंतू गेले ते गेले, मग सत्तरीत वजनं कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

कॉमेंट जरा खवचट आहे, पण प्रश्न नेमका विचारलाय म्हणून नीट उत्तर देतो. तुमचं म्हणणं, एकीकडे मी लिहितो की वयानुसार स्नायूचे तंतू कायमचे जातात आणि दुसरीकडे सत्तरीतल्या माणसाला वजन उचलायला लावतो, दोन्ही खरं कसं? वर तुमचे बाबा रोज पाच किलोमीटर चालतात तरी मांड्या वाळल्याच.

दोन्ही खरंच आहे. १९८८ साली स्वीडनमध्ये लेक्सेल नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी १५ ते ८३ वयाच्या ४३ मृत पुरुषांच्या मांडीचा अख्खा स्नायू आडवा कापून तंतू मोजले, तर विशी ते ऐंशीत स्नायूचा आकार सुमारे ४० टक्के घटलेला, आणि मुख्य कारण तंतूंची संख्याच कमी होणं. उरलेल्यांत स्लो तंतू (हळू, पण न थकता काम करणारे) बऱ्यापैकी शाबूत, फास्ट तंतू (झटक्यात जोर लावणारे, पण लवकर थकणारे) मात्र बारीक झालेले.

आता तंतू जातात का, तर गोम बरीचशी नसांत आहे. मज्जारज्जूतला एखादा मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूला हुकूम देणारी नसपेशी, मेला की त्याचे तंतू पोरके होतात, मग शेजारचा न्यूरॉन फांदी काढून त्यातल्या काहींना जोडून घेतो, लाइट गेल्यावर शेजाऱ्याने वायर टाकून द्यावी तसं. ज्यांना कनेक्शन मिळत नाही ते वाळतात. आणि फास्ट तंतू स्लो न्यूरॉनकडे गेला तर हळूहळू तोही स्लो होत जातो, म्हणून म्हाताऱ्या स्नायूच्या बायोप्सीत एकाच जातीच्या तंतूंचे पुंजके दिसतात.

बाबांचं कोडं इथेच सुटतं. सपाट रस्त्यावर आरामात चालायला स्लो तंतू पुरतात, फास्टवाल्यांना शरीर बोलावतं ते भार जड असला किंवा झटका द्यायचा असला की. म्हणजे चालून हार्टला, शुगरला फायदा झालाच असणार, पण जे तंतू बारीक होतायत ते घरीच बसून राहिले ना!

तंतू स्वतः विभागत नाही, दुरुस्तीचं काम त्याला चिकटून असलेल्या सॅटेलाइट सेल्स करतात (मॉरो या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवल्या). वयानुसार त्या फास्ट तंतूंजवळच जास्त घटतात, पण संपत नाहीत आणि वजनाच्या व्यायामाने म्हातारपणीही वाढलेल्या दिसल्यात. बोस्टनला १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या मूठभर लोकांकडून आठ आठवडे पायाने वजन उचलून घेतलं, ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि मांडीचा स्नायू जेमतेम ९ टक्के. एवढी तफावत कारण नवे तंतू आलेच नाहीत, आहेत त्यांनाच नसा जास्त जोरात कामाला लावायला लागल्या, आणि तंतू थोडे जाड झाले.

तेव्हा बाबांना हात न टेकता खुर्चीतून उठबस करायला लावा, बीपी-गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून. तुम्ही लिंक दिलेल्या त्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका, गेलेले तंतू परत आणणारं औषध बाजारात नाहीये. आणि चालणं बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही हां, ते माझ्या नावावर खपवू नका.