लाभार्थी शेतकऱ्याने पोट कसे भरावे

यंदा गोव्यात सरद, म्हणजे पावसाळी, भात लावायचं ठरवलंत? छान. चिखलात उतरण्याआधी कपाटातला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा. त्यावर तुमचं नाव असेल, ही भाबडी समजूत सोडा. तिथे आजोबा असतील, त्यांच्याखाली दोन आत्या आणि पोर्तुगालच्या पासपोर्टवर लंडनला गेलेला चुलतभाऊ. सगळ्यांच्या सह्या गोळा करून या, तोवर पाऊस थांबेल म्हणे. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि तुम्ही नुसते कसणारे असाल, तर पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये विसरा. ते जमीन नावावर असलेल्यांना. गुडघाभर चिखलात कोण उभं आहे, हे पोर्टलला दिसत नाही.

समजा, गवे-मोरांनी आपापला वाटा उचलल्यावरही भात उरलं. ते मुळीच घरात ठेवू नका. आधारभूत किंमत विकलेल्या भाताला मिळते, खाल्लेल्या भाताला नाही. वर्षभराचं भात कणगीत भरून ठेवणाऱ्या आजीने सरकारी हिशेबात एकच काम केलं, अनुदान बुडवलं. तेव्हा विका, पावती शेतीखात्याच्या झोनल ऑफिसात द्या आणि पैसे जमा होईपर्यंत रेशनच्या रांगेत उभे राहा. कार्ड योग्य असेल तर २०१३ च्या कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य, तेही २०२३ पासून फुकट. तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेला, निघाला आणि तुम्हाला पेजेला उकडाच लागतो, तर दोष तुमच्या जिभेचा. धुताना चार दाणे तरंगले की शेजारीण ‘प्लास्टिक!’ म्हणून ओरडेल. ओरडू द्या. ते लोह घातलेले दाणे, शंभरात एक, निमूट शिजवा. उकड्याची फारच आठवण आली तर म्हापशाच्या बाजारात जा. तिथे मिळतो. कोण जाणे, तुमचाच असेल. भाव मात्र विचारू नका.

खाजनवाल्यांना, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं कसणाऱ्यांना, वेगळा सल्ला. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं कुजून बांध फुटला, खारं पाणी आत आलं, तरी घाबरू नका. बियाण्यावरचं अनुदान शाबूत आहे. कोरगूट हे भाताचं वाण खाऱ्यातही तग धरतं, पण पाणी महिनोन् महिने तुंबलं तर तेही हात टेकतं. बांधाची फाईल कुळांच्या संघाकडून खात्याकडे आणि खात्याकडून संघाकडे फिरेल, तोवर शेतात खारफुटी उगवेल. ती तोडायला वनखात्याची परवानगी हवी. नुकसानभरपाई मागायची, तर पीक होतं हे दाखवावं लागतं. म्हणून येत्या जूनमध्ये खारफुटीच्या मधोमध चार रोपं रोवून फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा.