हातावर ९५ दिसले म्हणजे डोक्यातही सगळं ठीक?

जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळांच्या पालकांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातले दावे असे: हाताच्या पल्स ऑक्सिमीटरवर ९५ असेल तर मेंदूला ऑक्सिजन पुरतोच. कपाळावरची ‘निर्स’ची पट्टी (मेंदूतला ऑक्सिजन प्रकाशाने मोजणारी) घातक किरणं सोडते, मोठ्या चाचणीत ती निकामी ठरली आहे आणि ती लावतात ते बिल फुगवायला.

यातला पहिला दावा सगळ्यात धोक्याचा. ऑक्सिमीटर सांगतो ते इतकंच, की धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय. ते रक्त मेंदूला किती पोचतंय, हे त्याला कळत नाही. टँकर काठोकाठ भरलाय, ठीक. गावात खेपा किती होतात? हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नसलेलं बाळ घ्या. तिथे एकच कप्पा फुप्फुसांना आणि शरीराला रक्त पुरवतो, म्हणून डॉक्टर साधारण ७५ ते ८५ वरच समाधानी असतात. अशा बाळाचा आकडा ९५ झाला, तर बरंचसं रक्त फुप्फुसांकडेच वळतंय आणि बाकी शरीर, मेंदूसकट, उपाशी राहतंय अशी शंका येते. फॉरवर्ड ज्या आकड्यावर निर्धास्त व्हा म्हणतो, त्याच आकड्याने डॉक्टर धावत येतात!

पट्टी मोजते ते वेगळंच. तिच्याखालच्या रक्तात नीलांचा (परतीच्या रक्ताचा) वाटा मोठा, म्हणजे मेंदूने वापरून उरलेला ऑक्सिजन तिथे दिसतो. त्यामुळे निरोगी बाळातही हा आकडा हातापेक्षा कमीच असतो. हातावर ७८ स्थिर आहे आणि कपाळावर ६० वरून ४५ झालं, तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, कार्बन डायऑक्साइड तपासायचं. व्हेंटिलेटरने कार्बन डायऑक्साइड फार उतरवला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

किरणांचं म्हणाल तर तो निव्वळ प्रकाश आहे, ऑक्सिमीटरच्याच जातीचा. नाजूक त्वचेला त्रास झालाच तर तो चिकटपट्टीचा.

चाचणी मात्र खरी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सेफबूस्क-३ मध्ये १६०१ बाळं होती आणि मृत्यू किंवा गंभीर मेंदू-इजा पट्टीमुळे कमी झाली नाही. पण ती बाळं २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली होती. हृदयदोषाच्या बाळांचा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नव्हता. अर्थात त्यांच्यातही पट्टीमुळे पुढची वाढ सुधारते, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पट्टी कपाळामागचा एक-दोन सेंटिमीटरचा भागच पाहते आणि कंपनी बदलली की आकडाही थोडा बदलतो. मग लावायची कशाला? कारण २००७ च्या एका अभ्यासात हृदयदोष असलेल्या ४१ बाळांपैकी १३ जणांच्या मेंदूला शस्त्रक्रियेआधीच इजा झालेली एमआरआयमध्ये दिसली होती. धोका ऑपरेशन थिएटरची वाट बघत नाही, म्हणून नजर आधीपासूनच ठेवायची.

राहिलं बिल. पट्टी महाग असते, तेव्हा विचारायचा हक्क आहेच. फक्त प्रश्न नेमका असू द्या: “आकडा घसरला तर तुम्ही काय करता?” त्यावर उत्तरच नसेल, तर पैशाची तक्रार रास्त. डोक्यावरच्या मऊ टाळूवरून डॉपलर सोनोग्राफी करूनही मेंदूतला रक्तप्रवाह दिसतो, तीही विचारा. मात्र ती त्या घडीपुरतं सांगते, रात्री तीनचं नाही.