मागच्या सीटवरचा माणूस

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

पोरगा महिनाभर मागं लागलाय, नवी उंच गाडी घेऊया म्हणून. सकाळी एका शोरूमला गेलो. जुनी गाडी एक्स्चेंजला किती जाईल ते बघायला एक पोरगं बाहेर आलं. दार उघडलं नाही, बॉनेट उघडलं नाही. टायरला बूट मारला आणि म्हणालं, "काका, सेडान आता कोण घेतंय? हिला भंगाराचाच दर."

आमची 2004 ची होंडा सिटी, मागं डिकी असलेली बैठी सेडान. तिला बूट मारला त्यानं.

2006 च्या पावसाळ्यात पुण्यात आईचं मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी आणायचं होतं. मागच्या सीटवर आई आडवी, डोकं माझ्या मांडीवर. आबा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवत होते. एरवी शिरोलीच्या फाउंड्रीत अख्खा दिवस आवाज चढवून बोलणारा माणूस, त्या दिवशी कोल्हापूरपर्यंत साठच्या वर गेला नाही. कात्रज सोडलं आणि आईचा डोळा लागला. खंबाटकीचा घाट चढलो, उतरलो, तिला पत्ता नाही. एकदम कराडला जागी झाली आणि म्हणाली, "सातारा आला का?"

त्या बूट मारणाऱ्याला हे काय सांगायचं?

ह्या गाडीला इतिहास आहे राव. जपानात 1981 ला सिटी आली ती एवढीशी छोटी गाडी होती. डिकीवाली सिटी 1996 ला थायलंडमध्ये निघाली आणि जानेवारी 1998 मध्ये आपल्याकडं आली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. तोवर आपल्यात जरा बरं चाललेल्या माणसाची गाडी म्हणजे मारुतीची एस्टीम. 2000 ला सिटीत व्हीटेक इंजिन आलं, 106 हॉर्सपॉवरचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मेकॅनिक त्या इंजिनाचं नाव अजून मान देऊन घेतात.

मग 2003 ला आमचं मॉडेल आलं, लोक ज्याला डॉल्फिन म्हणतात ते. ताकद 106 वरून 77 वर आणली म्हणून शौकिनांनी लई नावं ठेवली. ठेवू देत. आबांनी तीच घेतली. चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग, एका सिलिंडरला दोन, ठिणगी एकामागून एक पडणार आणि पेट्रोल पुरतं जळणार. आबांनी जन्मभर भट्टी सांभाळली होती, जळण वाया न जाणं म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि पेट्रोलची टाकी कुठं ठेवली होती माहितीय? पुढच्या सीटखाली! नेहमीसारखी मागच्या सीटखाली नाही. मागं जागा सुटली ती त्यामुळं. त्या दिवशी आईचे पाय वाकडे करून घ्यावे लागले, पण पाठ सरळ राहिली. कागदावर गाडी काढणाऱ्यानं मागं बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

आता कुणाचा विचार करतात? शोरूममध्ये ती उंच गाडी बघितली. पुढं टीव्हीएवढा पडदा, वर काचेचं छत, आणि मागं बसलो तर गुडघे छातीला. मांडीला आधारच नाही. सेल्समन तासभर पडद्याबद्दलच बोलत होता. म्हाताऱ्या माणसाला चढता येईल का, हे विचारल्यावर म्हणाला, पायरी लावून मिळते. पायरी! जत्रेतला पाळणा आहे का तो?

हो, सिटी खाली घासते, मान्य. आपल्या कोल्हापूरच्या स्पीडब्रेकरवर पोट लागतं, पावसाळ्यात गंगावेशीकडं न्यायचा धीर होत नाही. 2019 च्या पुरात गाडी आठवडाभर पाहुण्यांच्यात टेंबलाईवाडीला, उंचावर नेऊन ठेवली होती. उंच गाडीवाल्यांचा तेवढा मुद्दा बरोबर आहे. पण पूर रोज येत नाही, आणि आई रोज मागं बसते.

सिटी संपलेली नाही. 2008 ला नवी आली, 2014 ला डिझेल आली, 2020 ला अजून मोठी झाली, 2022 ला हायब्रीडसुद्धा आली. पण बाकीच्या सेडान एकेक करून बंद होत चालल्यात. 2025 ला मारुतीची सियाझ बंद झाली. रस्त्यावर बघावं तर सगळ्या गाड्या छाती काढून उभ्या.

लिहिताना राग जरा उतरला. ते पोरगं चोवीस-पंचवीसचं असेल. त्याच्या घरच्यांना कदाचित कधी असं आडवं आणावं लागलं नसेल. लागू नये.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली. गाडीची पंधरा वर्षं संपली तेव्हा त्यांनीच पासिंगला नेली होती, पांढरा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे. तेव्हापासून मी नेतो.

शोरूममधून घरी आलो तर आई दारातच बसली होती. म्हणाली, "विकलास?" नाही म्हटलं. मग म्हणाली, "मग महालक्ष्मीला जाऊया की शुक्रवारी." आणि उठून गाडीपाशी आली, मागचं डावं दार उघडून सीटवर हात फिरवला.

पोरगा रुसलाय. त्याच्याशी बोलेन. उद्या सकाळी उद्यमनगरात गाडी लावतोय, आठही प्लग बदलायचेत. शुक्रवारच्या आत झालं पाहिजे.